चार नंबरची पुडी

आमच्या घरात बारसं असो नाहीतर साखरपुडा, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, सांगा की एखादं." आणि मी सांगते. ह्यांची मिशी गॅस पेटवताना एकाच बाजूनं जळाली ते, सासूबाईंनी वीजमीटर वाचायला आलेल्या माणसाला स्थळ घेऊन आलेला पाहुणा समजून पोहे खायला घातले ते. माझ्याकडे अशा वीसेक गोष्टी आहेत. त्यातल्या तीन-चार खऱ्यासुद्धा आहेत. हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, माझ्या आईला नाही, देवापुढं एकटी बसले असतानाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळख वाढवायची माझी इच्छाही नाही. वाचता वाचता माझी कीव यायला लागली तर तिथंच थांबा. ती कीव चुकीच्या बाईला जाते आहे.

आधी एक सांगून टाकते. मला अश्विनी आवडत नव्हती.

अश्विनी म्हणजे माझी धाकटी जाऊ, सतीश भाऊजींची बायको. मोहोळच्या शिक्षकाची मुलगी. ती लग्न होऊन सोलापूरला आमच्या घरी आली तेव्हा तिचं पीएच.डी.चं काम चालू होतं. तोपर्यंत आमच्या घरातली शिकलेली सून मी होते. हसू नका. बार्शीच्या कॉलेजात बारावी सायन्स, केमिस्ट्रीत वर्गात पहिली — मग लग्न. पण घरात थर्मामीटर वाचायचा तो मी, औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचायचं ते मी, बँकेचा फॉर्म भरायचा तोही मीच. एवढंसं राज्य होतं माझं. पण होतं. आणि ही बाई आली, आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाई चष्म्याची चिठ्ठी घेऊन माझ्यासमोरून चालत तिच्या खोलीत गेल्या.

एवढ्यावरून कुणी कुणाचा द्वेष करतं का? करतं. मी केला.

आणि शिकत काय होती? चिखल! तळ्याच्या तळाचा गाळ. ती सांगायची, झाडाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. पान कुजतं, पण ते मेण लवकर कुजत नाही. वाऱ्यापाण्यानं तळ्यात जातं आणि गाळात दबून हजारो वर्षं राहतं. गवताचं मेण वेगळं, झाडाचं वेगळं. पाऊस भरपूर असला तर एक खूण, दुष्काळ असला तर दुसरी. जनावराच्या शेणातसुद्धा असे पदार्थ असतात, की माती बघून कळावं, इथं गुरं होती, इथं मेंढरं आली. वैरागच्या पलीकडं आमचं मूळ गाव, त्या गावाबाहेर एक जुनं तळं आहे — उन्हाळ्यात कोरडंठाक पडणारं. त्याच्या तळात पाइप ठोकून तिला बघायचं होतं की आज जिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही तिथं कधी झाडी होती का, आणि माणूस आपली मेंढरं घेऊन तिथं आला तो झाडी गेल्यावर आला, की त्याच्या येण्यानं झाडी गेली.

सासूबाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी लेंड्या हुडकतीस व्हय गं तू? मला इचारायचं की! लई दावल्या असत्या."

घर पोट धरून हसलं. अश्विनीही हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसले — आणि हसताना मला सगळं कळलेलं होतं. पहिल्याच सांगण्यात. हे मी कुणाला दाखवलं नाही.

ती समजावून सांगायची, तोच माझा खरा राग. टोमणा मारला असता तर मी परत मारला असता. त्यात माझा हात कुणी धरला नसता. पण ही गोड. "ताई, बघा हं, असं समजा..." असं समजा! मी पाच माणसांची भाकरी थापत उभी, आणि ही ओट्याला टेकून मला मेण समजावते. सगळ्यात जास्त तिनं मला एकच गोष्ट बजावली असेल : हात. नमुन्याला उघडा हात लागता कामा नये. माणसाच्या कातडीला तेल असतं, केसाला असतं, जेवलेल्या बोटांना असतं. हजारो वर्षांच्या मेणाचा अंश इतका थोडा, की बोटभर तेलानं तो बुडून जातो. म्हणून प्लॅस्टिकची पिशवी नको, भट्टीत तापवून घेतलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदातच पुडी बांधायची. नमुने काढायच्या आठवड्यात ती डोक्याला तेल लावायची नाही. सासूबाई कुरकुरायच्या, "सवाशीण बाईनं डोकं कोरडं ठिवत्यात का? बघणारा काय म्हनंल!"

नमुने काढायला ती मलाच घेऊन गेली. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून — पुड्यांवर पेन्सिलीनं नंबर आणि खोली लिहायला. तळ्यात पाइप ठोकायला गावातली चार माणसं होती. पाइपमधली माती बाहेर काढली तेव्हा वर काळा गाळ, खाली पिवळट चिकण, आणि मध्ये चार बोटं जाडीचा एक करडा थर. अश्विनी त्या थराकडं जशी बघत होती तसं माझ्याकडं माझ्या लग्नातसुद्धा कुणी बघितलं नाही. "ताई, काय झालं ते इथंच झालंय," ती म्हणाली. जेवणाआधी तीन पुड्या झाल्या, जेवणानंतर तीन. करडा थर आख्खा चार नंबरच्या पुडीत मावला. मीच लिहिला तो नंबर.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्याकडं सत्यनारायण होता. चुलत नणंदेनं मला सगळ्यांदेखत चिडवलं, "काय वहिनी, तुम्हीपण शास्त्रज्ञ झाला म्हणं!" मी काहीतरी विनोदी बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात अश्विनी कौतुकानं म्हणाली — अगदी कौतुकानं, माझ्या खांद्यावर हात ठेवून — "ताईंची फार मदत होते. अक्षर किती सुरेख! आणि त्यांना त्यातलं काही कळायची गरज नाही ना, नुसतं लिहायचं, त्यामुळं चूक होतच नाही."

बायका हसल्या. मी प्रसाद वाटायला उठले.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. असल्या वाक्यानं माणसाचं काही झिजत नाही. तिच्या जागी माझी सख्खी बहीण असती तर मी तिला चिमटा काढून विसरून गेले असते. मी विसरले नाही, कारण मला विसरायचं नव्हतं. मी ते वाक्य जपून ठेवलं.

मे महिन्यात तिच्या कॉलेजातला फ्रीजर बंद पडला. दुरुस्तीला चार दिवस लागणार होते. ती सहाही पुड्या बर्फाच्या डब्यात घालून घरी घेऊन आली आणि मला म्हणाली, "ताई, तुमच्या फ्रीजमध्ये ठेवू का? फक्त तुमच्यावर विश्वास आहे." मी बर्फाचे ट्रे काढले, वाटाणे काढले, जागा केली. सासूबाई म्हणाल्या, "शिळं भाजीपालं टाकून द्याला लावती, आन् ह्यो चिखल मातुर फ्रीजात!" ह्या वेळी मी तिची बाजू घेतली. माझ्या आवाजात केवढी माया होती म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात मी एकटी होते. सासूबाई देवळात कीर्तनाला, अश्विनी कॉलेजात, पुरुष कामावर. मी उखळात शेंगाचटणी कुटत होते. आमच्याकडं चटणी मिक्सरला लावत नाहीत. शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत कुटायची, बोटांनी दाबली की मुटका झाला पाहिजे. कुटता कुटता मी उठले, फ्रीज उघडला, चार नंबरची पुडी काढली. ती दगडासारखी गोठलेली होती. मी ती ओट्यावर ठेवली आणि परत चटणी कुटायला बसले.

कळतंय ना तुम्हाला? सोलापूरचा मे महिना असला तरी गोठलेली माती मऊ व्हायला अर्धा तास लागतो. रागाच्या भरात हात उचलला, हे म्हणायची सोय मी स्वतःला ठेवली नाही. अर्धा तास मी वाट बघितली. त्या अर्ध्या तासात मी एकदा उठून पुडीला हात लावून बघितला, झाली का मऊ म्हणून — भाताचं शीत बघतात तसा.

मग मी कागदाची घडी उलगडली. करडी, ओली, थंड माती. वास कसलाच नव्हता. मी चटणीची पाची बोटं तिच्यात खोल दाबली. वरवर नाही — वरचा थर खरवडून टाकतात हे ती मला सांगून बसली होती. मी ती माती कणकेसारखी मळली. पुन्हा तिला आकार दिला, कागद त्याच घड्यांवर मिटला, पुडी जागेवर ठेवली. आणि हात स्वच्छ धुतले.

असं वाटतंय ना, की ही झाली कबुली? मलाही बरेच दिवस असंच वाटायचं. पण थांबा. इथपर्यंत मी नुसती मत्सरी बाई आहे; अशी प्रत्येक घरात एक निघते.

नमुने तपासायला पुण्याला गेले. आलेख आले ते पावसाळा संपताना. पाच पुड्यांचे चांगले. चौथ्या पुडीत, जिथं बारीक बारीक शिखरं दिसायला हवीत तिथं एक डोंगर उभा. तिच्या मार्गदर्शक सरांनी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर तो कागद वर धरला. ताजं तेल आहे, म्हणाले, जुन्या गाळात असलं तेल टिकतच नाही, शेंगदाण्याचं असावं. "आता यातलं तळ्यातलं काय आणि ताटातलं काय, कसं सांगायचं? बाई, तुम्ही संशोधन करता की डबा खाता?" हे तिनंच घरी येऊन सांगितलं. सांगताना ती रडली नाही. भिंतीकडं बघत होती.

मग मी तिच्याबरोबर पुन्हा तळ्यावर गेले. दुसरा नमुना काढू म्हणून. त्या उन्हाळ्यात, आमच्या मागं, तळ्यात जेसीबी घातले होते. गाळ काढून गावानं आपापल्या शेतात टाकला होता, आमच्याही वाट्याच्या रानात चार ट्रॉल्या पडल्या होत्या. तळ्याच्या जागी पुरुषभर खोल खड्डे आणि त्यात पावसाचं तांबडं पाणी. करडा थर कुठंच नव्हता. गावचे एक आजोबा बांधावरून कौतुकानं ओरडले, "बगा की ताई, कसं झ्याक खनलंय! यंदा पानी लई ऱ्हाणार!"

"व्हय आजोबा, लई झ्याक," अश्विनी म्हणाली. शिक्षकाच्या घरात वाढलेली ती, आमच्या बोलीत कधी बोलायची नाही. तेवढं एक वाक्य बोलली. मग ती बांधावर बसली. आणि तिनं मला विचारलं.

"ताई, तुम्ही त्या दिवशी इथंच होतात. माझ्या हातून काय झालं असेल? मला काही आठवतच नाही."

तिनं आरोप केला नव्हता. तिला फ्रीज आठवला नाही, माझं स्वयंपाकघर आठवलं नाही, चटणी आठवली नाही. आठवण्याची तिला गरजच वाटली नसेल. तिनं नुसतं विचारलं. "मला काय माहीत बाई" म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते खोटं असतं, पण साधं खोटं असतं. कॉलेजातल्या कुणाचं तरी नाव घेतलं असतं तरी ती सुटली असती.

मी तिच्या शेजारी बसले. तिची पाठ थोपटली. आणि म्हणाले, "आगं, त्या दिवशी आपण चटणी-भाकरी खाल्ली बघ, त्या लिंबाखाली. पाणी संपलं होतं. तू हात ओढणीला पुसलेस आणि घाईघाईनं पुडी बांधायला बसलीस. मी म्हणणार होते, पण म्हटलं, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. चाखून चाखून.

ती म्हणाली, "मग पाचवी-सहावी चांगली कशी?"

"त्याला तू चमचा घेतलास की. चौथीच तेवढी हातानं सरळ केलीस." उत्तर माझ्याकडं तयार होतं. गोष्टी सांगायची सवय.

मी तिच्याकडं बघत होते. तिला ते आठवायला लागलं होतं! खरंच सांगते — माझ्या डोळ्यांदेखत तिला ते दिसायला लागलं. ओढणी कुठली होती तेही तिला आठवलं. "पिवळी," ती म्हणाली. "पिवळीच होती ना ताई?"

"पिवळीच," मी म्हणाले.

ही कबुली. माती नासवली ती वेगळी. मी एका माणसाच्या डोक्यात, तिच्या स्वतःच्या आठवणीच्या जागी, माझं खोटं दाबून बसवलं आणि वरून घडी नीट मिटली. तिनं ते सरांना लिहून दिलं — "माझ्या निष्काळजीपणामुळं." घरात सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "जाऊ दे बाय, चिखलच हुता," म्हणाल्या. भाऊजी चिडले, "एवढं शिकून हात धुवायचं कळत नाही?" हे त्यांनी माझ्यासमोर विचारलं, आणि मी म्हणाले, "भाऊजी, असं बोलू नका तिला." तिनं माझ्याकडं किती आभारानं बघितलं!

मधला थरच नाही म्हटल्यावर तिचं सगळं काम दोन तुकड्यांत लटकलं. खाली झाडी, वर कुसळ, मध्ये काय झालं ते कुणालाच माहीत नाही. सरांनी विषय बदलायला सांगितलं. तिनं दोन वर्षं रेटलं आणि सोडलं. आता बार्शीला अकरावी-बारावीला शिकवते, रोज एसटीनं जाऊन येऊन. बारा वर्षं झाली. चांगली शिकवते म्हणतात. दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला ती मुलांना स्वतःची चूक सांगते — लिंब, भाकरी, पिवळी ओढणी, सगळं. मुलांनी आपल्यासारखं करू नये म्हणून. इतकी खरी बाई आहे ती. वर्षानुवर्षं ती इतक्या मुलांना माझं खोटं शिकवते आहे, आणि तेही प्रामाणिकपणे.

तिचे हात आता बघवत नाहीत. साबणानं बोटांच्या सांध्यांवर भेगा पडल्यात. दिवाळीत लाडू वळायला बसायच्या आधी ती तीन-तीनदा हात धुते आणि मग माझ्यासमोर धरते, तळवे वर करून. "बघा ताई, नीट आहेत ना?" चेष्टेत म्हणते, पण उत्तर मिळेपर्यंत परातीला हात लावत नाही. आणि मी काय करते? मी चष्मा लावते, तिचे हात उलटेसुलटे करून बघते, नखं बघते, आणि "आहेत, बस," म्हणते. मागच्या दिवाळीतही म्हणाले.

तिला मी अजून सांगितलेलं नाही. सांगेन, असंही इथं लिहीत नाही. कारण मी स्वतःला ओळखते. आता ती मला आवडते का, हेही विचारू नका. काही दिवस आवडते, काही दिवस तिचे ते पुढं केलेले हात बघून माझं डोकं फिरतं — का विचारतेस मला, कुणी सांगितलंय तुला मला विचारायला?

त्या दिवशी तळ्यावर पाणी संपलेलं नव्हतं. कॅन अर्ध्याच्या वर भरलेला होता. जेवण झाल्यावर अश्विनीनं पर्समधून साबणाची वडी काढली आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा एकदा धुतले. ओढणीला पुसले नाहीत. उन्हात वर धरून वाळवले आणि चमचा घेऊनच पुडी बांधायला बसली. तिच्या हातांवर पाणी मी घातलं होतं.